प्रकल्प नोंदी: ओवीला आता ऐकू का येत नाही?

२ जून २०२५

ऑडिओ मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचे पहिले पाच मसुदे सलग वाचून झाले. कथानक धड आहे, संवाद खणखणीत आहेत. पण ओवीची शक्ती पाच भागांत मिळून एकदाच येते. पहिल्या पर्वाची सगळी जाहिरात त्याच शक्तीवर झाली होती.

नव्याने येणाऱ्या लेखकांसाठी पार्श्वभूमी. साल २०८७. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हायचं तेलक्षेत्र, खाली साधारण ७५ मीटर पाणी. तेल संपल्यावर उरलेल्या तीन प्लॅटफॉर्मवर आता खारं पाणी गोडं करतात. ओवी तिथे पाइप तपासते. तिच्या कानामागच्या हाडात एक इम्प्लांट आहे. धातूला हात लावला की त्यातून चाललेला आवाज हाडांवाटे तिथवर पोचतो आणि तिला ऐकू येतो.

कामाची व्याप्ती: ही शक्ती कुठे, कशी आणि का गळाली ते शोधणं, आणि रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आत दुरुस्त करणं. नोंदवही पूर्ण भरेपर्यंत मसुद्यातल्या एकाही ओळीला हात लावायचा नाही. आधीच डागडुजी सुरू केली की मूळ दुखणं झाकलं जातं.

४ जून

नोंदवहीचे रकाने ठरले: भाग, दृश्य, मिनिट-सेकंद, ओवीने कशाला हात लावला, तिला काय कळलं, त्यानंतर दृश्य पुढे सरकलं की तिथेच मिटलं, किंमत कोणी मोजली, तेच काम दुसऱ्या कशाने झालं असतं का.

शेवटचे तीन रकाने महत्त्वाचे. नुसते वापर मोजले तर आलेख उतरताना दिसतो, कारण दिसत नाही. ‘किंमत कोणी मोजली’ या रकान्यात तीनच उत्तरं चालतील: पात्राने, लेखकाने, कोणीच नाही. ‘लेखकाने’ म्हणजे शक्ती वापरल्यामुळे पुढचं कथानक वाकवावं लागलं.

काय धरायचं नाही तेही लिहून ठेवलं. दुसऱ्या पात्राने शक्तीचा नुसता उल्लेख केला तर तो वापर नाही. ‘तुला तर सगळं ऐकू येतं’ छापाची वाक्यं वेगळ्या पानावर घ्यायची. ती वाढली की समजावं, शक्ती कामातून गेली आणि कौतुकापुरती उरली.

९ जून

नोंदवही भरून झाली. गळती दुसऱ्या पर्वात सुरू झालेली नाहीच, ती पहिल्या पर्वाच्या पाचव्या भागापासून आहे.

पाचव्या भागात ओवी भिंतीला हात लावते आणि पलीकडच्या दोन माणसांचा पूर्ण कट शब्दन् शब्द ऐकते. श्रोत्यांना तो भाग आवडला होता. पण त्यानंतर प्रत्येक लेखकासमोर एकच प्रश्न उभा राहिला: पलीकडचं सगळं ऐकू येत असेल तर या प्लॅटफॉर्मवर कोणी काही लपवणार कसं? सहाव्या भागात तिच्या हातात रबरी मोजे आहेत. सातव्यात जनरेटरचा गोंगाट आहे. आठव्यात ती थकलेली आहे. नवव्या भागात सबबही नाही. ती भिंतीला टेकून उभी आहे आणि तिला काहीच ऐकू येत नाही, हे कोणाच्या लक्षातही आलेलं नाही.

म्हणजे आधी वापर, मग सबब, मग विसर. ‘लेखक विसरले’ हे उत्तर त्यामुळे अपुरं आहे. विसर शेवटी पडतो. त्याच्या आधी प्रत्येकाने समजून-उमजून शक्तीला बगल दिलेली असते, कारण ती वापरली की त्याचं दृश्य मरतं.

‘दृश्य तिथेच मिटलं’ असं लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक ओळीसमोर किंमत लेखकाने मोजली आहे. हे दोन रकाने जोडीनेच चालतात.

११ जून

आधीची उदाहरणं. आपल्या दुखण्याला सगळ्यांत जवळची ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’मधली जहाजावरची समुपदेशक डियाना ट्रॉय. मालिका सप्टेंबर १९८७ ते मे १९९४, सात पर्वं. ट्रॉयची आई बीटाझॉइड, म्हणजे पूर्ण मनकवडी. वडील माणूस. त्यामुळे ट्रॉयला विचार नाही, पण भावना कळतात.

पहिल्याच कथेत ही शक्ती भरघोस आहे. ग्रहावरच्या स्थानकाखाली अडकलेल्या जीवाची वेदना ट्रॉयच्या अंगावर येते, आणि रहस्य उलगडण्याची वाट तिथून निघते. त्याच कथेत ती जहाजाचा उपप्रमुख रायकर याच्याशी मनातल्या मनात शब्दांनी बोलते. शब्दांचा हा भाग लवकरच मागे पडला. दोन नायक मनातल्या मनात बोलू शकले तर ताटातुटीचं कुठलंच कथानक चालत नाही. जहाजाशी संपर्क तुटला, हे तर अशा मालिकेचं रोजचं भांडवल.

उरली भावनांची जाणीव. तिची अडचण बारकाईने पाहण्यासारखी आहे. पडद्यावर परका कप्तान येतो, जहाजाचा कप्तान पिकार्ड ट्रॉयकडे वळतो, आणि ती सांगते की हा काहीतरी लपवतो आहे. नेमकं काय ते तिने सांगितलं तर भाग पाच मिनिटांत संपला. मोघम सांगितलं तर ते प्रेक्षकाने नटाच्या चेहऱ्यावर आधीच वाचलेलं असतं. म्हणजे एका बाजूला कथा मरते, दुसऱ्या बाजूला पात्र बावळट दिसतं. मधली जागा फार अरुंद.

मग पळवाटा. फेरेंगी जमातीची मनं बीटाझॉइडांना वाचता येत नाहीत. एखाद्या भागात काही जाणवतच नाही. पहिल्या पर्वाच्या काही भागांत ट्रॉय मुळात नाहीच. फेरेंगींचा नियम यातल्या त्यात चांगला, कारण तो कायमचा आणि उघड आहे. ‘आज काही जाणवत नाही’ हा वाईट, कारण तो त्या दिवशीच्या लेखकाच्या सोयीचा आहे आणि ऐकणाऱ्याला तो वास लगेच येतो.

डिसेंबर १९९०च्या ‘द लॉस’ या भागात शक्ती काढूनच घेतली आणि तोच विषय केला. समुपदेशकाला समोरच्याचं मन जाणवेनासं झालं तर ती काम कशी करणार? गंमत अशी की शक्ती नसण्यावरचा हा भाग त्या शक्तीविषयी सगळ्यांत जास्त बोलतो.

पुढे पात्र दुसरीकडे वाढलं. १९९२च्या अखेरीस नवा कप्तान तिला साधा गणवेश घालायला लावतो. १९९३मध्ये तिला रोम्युलन अधिकाऱ्याचं सोंग घेऊन शत्रूच्या जहाजावर वावरावं लागतं. इतरांच्या मनात काय चाललंय याचा अंदाज येणं तिथे उपयोगी आहे, पण सोंग तिलाच वठवावं लागतं. १९९४मध्ये ती कमांडरपदाची परीक्षा देते, आणि त्या परीक्षेत भावना ओळखण्याला काडीची किंमत नाही. शक्ती मागे सरली तसं पात्र भरीव झालं. हे ओवीच्या बाबतीत विसरायचं नाही. शक्ती परत आणायची म्हणून तिचं बाकीचं वाढणं छाटायचं नाही.

१३ जून

बाकीची उदाहरणं, कारणांनुसार.

कुलूप उघडणारं साधन. ‘डॉक्टर हू’मधला सॉनिक स्क्रूड्रायव्हर १९६८मध्ये आला आणि कोठडीत अडकलेल्या नायकाला दर वेळी सोडवू लागला. १९८२मध्ये तो नष्ट केला. निर्माते जॉन नेथन-टर्नर यांना तो फार सोपी सुटका वाटत होता. २००५मध्ये मालिका नव्याने सुरू झाली तेव्हा तो कायमचा परत आला, आणि २००८च्या एका भागात स्पष्ट सांगून टाकलं की हा लाकडावर चालत नाही. हा नियम झकास आहे. ऐकणाऱ्याला एका वाक्यात कळतो आणि लाकडी दार दिसलं की पोटात गोळा येतो. नष्ट करण्यापेक्षा हद्द आखणं बरं.

एकदाच लागलेली शक्ती. एप्रिल १९६७मध्ये मूळ ‘स्टार ट्रेक’मधला स्पॉक आंधळा होतो आणि शेवटी कळतं की त्याच्या जमातीला, व्हल्कनांना, आतली एक जास्तीची पापणी असते. मूळ मालिकेत ती पुन्हा कधी लागली नाही. ही गळती नव्हे. ते लेखकाने फसलेल्या जागेतून बाहेर पडायला काढलेलं भोक आहे. आपल्या पहिल्या पर्वात असं एक आहे: भाग ११मध्ये ओवी धातूतून उष्णता ‘ऐकते’. ते तिथेच सोडायचं, पुढे ओढायचं नाही.

खर्च. ‘डीप स्पेस नाइन’मधला ओडो हवं ते रूप घेऊ शकतो, पण प्रत्येक रूपांतर म्हणजे संगणकीय दृश्यपरिणामाचं वेगळं बिल. सोयीचं म्हणजे तो मूळ रूपात वावरतो. जून १९९६ ते जानेवारी १९९७ या काळात तर कथेनेच त्याला शिक्षा म्हणून माणूस करून ठेवलं. ऑडिओत पडद्याचा खर्च नाही, पण मिक्सचे तास आहेत. एक ‘हात लावण्याचं’ दृश्य साध्या संवादाच्या दृश्यापेक्षा बराच जास्त वेळ खातं. उशीर झाला की साउंडवाले आधी तेच दृश्य कापायला सांगतात.

हस्तांतर. सुपरमॅन १९३८मध्ये उडत नव्हता, मैलाचा आठवा भाग उडी मारत होता. शक्ती वाढत वाढत इतक्या झाल्या की १९७१मध्ये संपादक ज्युलियस श्वार्ट्झ आणि लेखक डेनी ओ’नील यांनी ‘सुपरमॅन’ मासिकाच्या २३३व्या अंकापासून त्या मुद्दाम घटवल्या. त्याला दुबळं करणारं क्रिप्टोनाइटही निकामी केलं. पण सुपरमॅनच्या बाकीच्या मासिकांचे संपादक वेगळे, त्यांनी हा बदल मनावर घेतला नाही. ओ’नील यांनी लेखन सोडल्यावर शक्ती गुपचूप पूर्ववत. १९८६मध्ये जॉन बर्न यांना पुन्हा पहिल्यापासून आखणी करावी लागली. आपल्याकडे चार लेखक एकाच वेळी चार भाग लिहितात, तेव्हा हा धोका उरावरच आहे.

१७ जून

शेवटचा रकाना: तेच काम दुसऱ्या कशाने झालं असतं का. नियंत्रण कक्षात सावंतकाकांसमोर जो पडदा आहे तो दाब, गळती आणि कंपन तिन्ही दाखवतो. पहिल्या पर्वात तो फक्त दाब दाखवायचा. मधे कोणीतरी सोयीसाठी बाकीचं जोडलं. ओवी जे हात लावून सांगणार ते काका खुर्चीत बसून वाचून दाखवतात, मग तिने जिने कशाला चढायचे?

निर्णय: कंपनाचे सेन्सर २०८१च्या वादळात गेले आणि बदलले गेले नाहीत. पडदा दाब दाखवेल, तोही दर दहा मिनिटांनी. काका आणि ओवी यांची माहिती कधी जुळेल, कधी नाही. जुळली नाही की दृश्य सुरू होतं.

२० जून

भौतिकशास्त्र तपासून घेतलं. हे पहिल्या पर्वाआधीच व्हायला हवं होतं असं कोणी म्हणेल. खरं आहे, पण तेव्हा भांडण फक्त नावावरून चाललं होतं.

पहिली गोष्ट: बोलणं जाड पोलादातून ऐकू येणं जवळपास अशक्य. हवेतला आवाज पोलादावर आदळला की बहुतेक सगळा परत फिरतो. आत शिरणारी ऊर्जा दहा हजारातल्या एका भागाहूनही कमी. पातळ पत्र्याची गोष्ट वेगळी, पत्रा स्वतःच थरथरतो आणि पलीकडे बोलतो. पण ज्या भिंतीतून ओवीने कट ऐकला ती प्लॅटफॉर्मची मुख्य भिंत होती. म्हणजे जिथून सगळी गळती सुरू झाली तो प्रसंग विज्ञानातही बसत नव्हता.

धातूतून काय छान जातं? जे धातूला थेट भिडलंय ते. पाऊल, हातोडी, घसटणारी साखळी, झडपेचं चाक, पंप. म्हणून नवा नियम: ओवीला ‘कुठे’ आणि ‘किती जड’ कळतं. ‘कोण’ आणि ‘काय बोलले’ हे कधीच नाही.

दुसरी गोष्ट फारच कामाची निघाली. पाण्याने भरलेल्या लांब पोलादी नळाच्या एका टोकाला ठोका मारला की दुसऱ्या टोकाला तो तीनदा पोचतो. पोलादातून सेकंदाला साधारण ५,००० मीटर, पाण्यातून १,५००, हवेतून ३४५. तिन्ही प्लॅटफॉर्म जोडणारा आपला नळ ३०० मीटरचा आहे. पोलादातला ठोका ०.०६ सेकंदात, पाण्यातला ०.२ सेकंदात, हवेतला ०.८७ सेकंदात. पहिले दोन हाताला, तिसरा कानाला. पहिल्या दोघांतली फट ०.१४ सेकंद. अंतर निम्मं झालं की फट निम्मी.

याचा अर्थ श्रोता स्वतः अंतर ओळखायला शिकू शकतो. दोन-तीन भागांत सवय लागली की ओवीने तोंड उघडण्याआधी त्याला कळेल, हे जवळ आहे की लांब. शंभर मीटरच्या आत मात्र हा खेळ करायचा नाही. फट ०.०५ सेकंदाच्या खाली जाते आणि दोन ठोके एकच जाडसर ठोका वाटतात.

अडथळे: फ्लँजमधलं (नळाच्या बोल्टने आवळलेल्या जोडातलं) रबरी गॅस्केट आवाज खातं, वेल्डिंगचा सांधा जाऊ देतो. नळ रिकामा असेल तर मधला ठोका येतच नाही. पावसाळ्यात लाटा पायांवर आदळतात तेव्हा खालच्या मजल्यावर काही ऐकू येत नाही. ही हद्द सबबीसारखी वाटत नाही, कारण जून लागला की ती येणार हे मराठी श्रोत्याला सांगावं लागत नाही. शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दिवसांत पायाशी इंजिनाची घरघर लागली तर ती होडी कोणाची? भाग १६ला हेच द्यायचं.

२४ जून

ध्वनी. मसुद्यांपलीकडचं एक कारण इथे सापडलं आणि ते सगळ्यांत साधं आहे: शक्तीचा आवाज निम्म्या श्रोत्यांपर्यंत पोचतच नव्हता.

पहिल्या पर्वात हात लावल्याचा इशारा म्हणजे ६० हर्ट्‌झची खोल घुमी, दोन्ही बाजूंना पसरवलेली. स्टुडिओच्या स्पीकरवर अंगावर काटा येतो. फोनच्या स्पीकरवर शांतता. फोनचा छोटा स्पीकर ३०० हर्ट्‌झच्या खाली झपाट्याने लुळा पडतो, ६०चं तर नावच नको. त्यात रुंदी आणण्यासाठी उजव्या बाजूची लहर उलटी केलेली होती. दोन्ही बाजू एकत्र करून वाजवणाऱ्या स्पीकरवर त्या एकमेकींना खाऊन टाकतात. एकच इयरफोन लावून लोकलमध्ये ऐकणाऱ्याला अर्धीच घुमी मिळते, ती गाडीच्या आवाजात बुडते.

याचा परिणाम मसुद्यांवर कसा झाला ते नोंदवहीत स्पष्ट दिसतं. इशारा ऐकू न आल्याने ‘ती अचानक गप्प का झाली’ अशी विचारणा व्हायला लागली. लेखकांनी मग ओवीच्या तोंडी खुलासे घातले: ‘थांबा, मला काहीतरी जाणवतंय.’ दोन भागांनी ते वाक्य कानाला खुपायला लागलं. वाक्य काढलं, आणि वाक्याबरोबर शक्तीही गेली.

नवा इशारा असा बांधला. मूळ स्वर ६० हर्ट्‌झ तसाच ठेवला, पण सौम्य सॅच्युरेशन देऊन त्याचे २४०, ३००, ३६०, ४२० हर्ट्‌झचे वरचे स्वर उठावदार केले. हे वरचे स्वर ऐकले की कान खालचा स्वर स्वतः भरून काढतो, त्यामुळे फोनवरही खोलपणा भासतो. सुरुवातीला बोटं धातूवर टेकल्याची खरी टकटक, २ ते ३ किलोहर्ट्‌झच्या आसपास, कारण तोच भाग गोंगाटातून वर येतो. लहर उलटी करणं बंद. रुंदी हवी तर दोन बाजूंना वेगवेगळं रेकॉर्डिंग.

टकटकीसाठी पत्र्याचा डबा चालत नाही, डब्यासारखाच वाजतो. दीड इंची जी.आय. पाइपचा चारेक फूट तुकडा दोऱ्याने टांगायचा, कॉन्टॅक्ट माइक चिकटवायचा आणि नखाने नाही, बोटाच्या पेराने वाजवायचं. जमिनीवर ठेवलेला पाइप मुका होतो.

तपासणीचा क्रम: मिक्स आधी मोनो करून (दोन्ही बाजू एकत्र), मग फोनच्या स्पीकरवर, मग एका इयरफोनवर पंखा चालू ठेवून. पूर्ण भागाची पातळी उणे १६ लफ्सला (आवाज किती मोठा भासतो याचं माप) बांधतो, त्यामुळे इशारा नुसता मोठा करून भागत नाही, बाकीचं सगळं दबतं. इशाऱ्याच्या आधी अर्धा सेकंद समुद्राचा आवाज खाली घेतला की तो आपोआप पुढे येतो.

२८ जून

किंमत. आजवर ओवी हात लावते, ऐकते, पुढे जाते. फुकट. फुकट शक्ती वापरायला लेखकालाच संकोच वाटतो, म्हणून तो पदरच्या सबबी शोधतो.

नवी किंमत: धातूतून ऐकल्यावर काही वेळ तिला हवेतलं नीट ऐकू येत नाही. ऑडिओत हे फार सोपं आणि फार क्रूर आहे, कारण आपण सगळं तिच्याच कानाने ऐकतो. दृश्याच्या पुढच्या तुकड्यावर लो-पास फिल्टर, ८०० हर्ट्‌झच्या वरचं कापलेलं. व्यंजनं पुसली जातात, स्वर उरतात. ‘झडप बंद’ आणि ‘झडप बघ’ यांतला फरक तिलाही कळत नाही, श्रोत्यालाही नाही.

मर्यादा बारा सेकंदांची. चाळीस सेकंदांचा नमुना करून पाहिला तर फाइल बिघडली असं समजून लोक मागे-पुढे करायला लागतात. फिल्टर एकदम उचलायचा नाही, शेवटच्या चार सेकंदांत हळूहळू उघडायचा. त्या बारा सेकंदांत कथेला अत्यावश्यक असं एकही वाक्य ठेवायचं नाही. चुकून ऐकू आलं नाही तरी चालेल, चुकीचं ऐकू आलं तर मजा, अशीच वाक्यं.

३ जुलै

भाग १४, दृश्य ३, आधीचं:

ओवी: दोघं आहेत. एक म्हणतोय, पहाटे चारला झडप उघडायची.
सावंतकाका: मग चल, आपण आधीच जाऊन थांबूया.

पहाटे चार वाजेपर्यंत आता काही घडू शकत नाही. या मसुद्यात पुढची सहा मिनिटं दोघं जिन्यात बसून गप्पा मारतात. गप्पा वाईट नाहीत, पण भाग तिथे बसून राहतो.

नवीन:

(बोटं पाइपवर. एक ठोका. पाठोपाठ काहीच नाही. बऱ्याच वेळाने हवेतून तोच ठोका, अस्पष्ट.)
ओवी: काका, नळात पाणी आहे ना?
सावंतकाका: हा काय पडदो. भरलेलो दाखवता.
ओवी: मधला ठोका आला नाही.
सावंतकाका: म्हणजे काय गो?
(त्यांचं वाक्य अर्ध्यातच बोथट होतं. फिल्टर.)

कोण आहे, का आहे, माहीत नाही. पडदा खोटं बोलतोय की दहा मिनिटं जुना आहे, तेही नाही. ठोका कोणीतरी लांबच्या टोकाला मारलाय एवढं फटीवरून कळतं. ओवीला तिकडे जावंच लागतं, आणि ती निघते तेव्हा तिला काकांची हाक ऐकू येत नाही.

श्रोत्याला तीन ठोक्यांची सवय लागलेली असेल तरच हे दृश्य चालतं. म्हणून भाग १३मध्ये भरलेल्या नळावर तिन्ही ठोके दोनदा, निवांत, कुठल्याही ताणाशिवाय ऐकवायचे. एकदा नव्या मुलाला काम शिकवताना, एकदा ओवी एकटी असताना. समजावून सांगायचं एकदाच.

९ जुलै

लेखकांसाठी एक पान तयार. एकच, मागचीही बाजू कोरी. चार पानी नियमावली कोणी उघडत नाही.

पानावर: काय कळतं, काय कधीच कळत नाही, गॅस्केट, रिकामा नळ आणि लाटा, बारा सेकंद, तीन ठोक्यांच्या वेळा १००, २०० आणि ३०० मीटरसाठी. तळाशी एक प्रश्न, जो मसुदा देण्याआधी समासात लिहायचा: ओवीने हात लावल्यावर दृश्यात नवा प्रश्न काय आला? उत्तर ‘काही नाही’ असेल तर हात लावू नका. एखाद्या भागात शक्ती नसली तर चालेल, पण तिची गरज दिसत असताना ती नसेल तर कारण त्याच दृश्यात ऐकू यायला हवं.

नियम बदलायचा असेल तर पानावर तारीख घालून, सगळ्यांना कळवून. एका भागापुरती सूट नाही.

१५ जुलै

भाग २० ते २४वर चर्चा. ओवी तिथे पाळीप्रमुख होते. तिच्या हाताखालची मुलं पाइप तपासणार, ती निर्णय घेणार. वापर आपोआप कमी होईल, आणि तो कमी होऊ द्यायचा. ट्रॉयच्या शेवटच्या दोन पर्वांतून घेण्यासारखं हेच होतं. फरक एवढाच की आपण ते कथेत बोलून दाखवणार: नवा मुलगा विचारतो, ‘ताई, तुम्ही स्वतः का नाही बघत?’ आणि ती म्हणते, ‘मला बारा सेकंद बहिरं होणं आता परवडत नाही.’ एवढ्यावर दृश्य पुढे.

एका लेखकाचं म्हणणं होतं की इम्प्लांट बिघडवून शक्ती सरळ काढून घ्यावी. नको. काढून घेतली की शेवटच्या भागात ती परत येणार हे प्रत्येक श्रोता ओळखतो.

१८ जुलै

भाग १३चा मिक्स मोनोत, फोनवर आणि एका इयरफोनवर पास. दुसरा ठोका फोनवर जरा दबतो, तो दोन डेसिबल वर घेतला.

एक बाब शिल्लक. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्लॅटफॉर्ममधल्या पुलावर नळाला रबरी जोड आहे, असं पहिल्या पर्वाच्या भाग ३मध्ये काका ओझरतं म्हणून गेलेत. तसं असेल तर भाग १४मधला पोलादातला ठोका जोडाच्या पलीकडून येऊच शकत नाही. दोन पर्याय: जोड २०८१च्या वादळानंतर वेल्डिंगने बदलला, हे भाग १३मध्ये एका वाक्यात घालायचं, किंवा ठोका मारणारा जोडाच्या अलीकडेच आहे असं धरून अंतर २०० मीटर करायचं आणि हवेतला ठोका ०.८७वरून ०.५८ सेकंदावर आणायचा. साउंडवाल्यांना दुसरा सोपा, लेखकांना पहिला. सोमवारच्या रेकॉर्डिंगआधी ठरवणे.